रोज अठ्ठेचाळीस माणसं

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं अटलांटा शहर १९७० साली पाच लाखांच्या जरा आत होतं. २०२० च्या जनगणनेतही ते तिथंच होतं: ४,९८,७१५. पन्नास वर्षांत वाढ झाली ती शहराबाहेर. ईशान्येला ग्विनेट काउंटी आहे, आकारानं आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. १९७० ला तिथे ७२,३४९ माणसं होती, २०२० ला ९,५७,०६२. तेरा पट! सरासरी काढली तर पन्नास वर्षं, एकही दिवस न चुकता, रोज ४८ माणसांची भर पडत राहिली आणि उपनगर मूळ शहराच्या जवळजवळ दुप्पट झालं.

पण डोकं खरं चक्रावतं ते ही माणसं कोण हे पाहिल्यावर. १९९० मध्ये ग्विनेटमध्ये शंभरातले ८९ जण गोरे होते. २०२० मध्ये गोरे ३२, कृष्णवर्णीय २७, हिस्पॅनिक २३ आणि आशियाई १३. म्हणजे १९९० मध्ये रस्त्यावरची कोणतीही दोन माणसं निवडली, तर ती वेगवेगळ्या गटांतली निघण्याची शक्यता पाचात एक होती. आज ती चारात तीन आहे. फक्त तीस वर्षांत.

हे आकडे ऐकले की लोक लगेच म्हणतात, गोरे निघून गेले. टक्केवारी इथेच फसवते. १९९० मध्ये तिथे तीन लाखांवर गोरे होते. २००० पर्यंत त्यांचा वाटा ६७ टक्क्यांवर घसरला, पण माणसं मात्र वाढून पावणेचार लाखांच्या पुढे गेली. ओहोटी लागली ती त्यानंतर, आणि तरीही २०२० मध्ये ते ३ लाख १० हजार होते, म्हणजे जवळपास १९९० इतकेच. वाटा घटला तो मुख्यतः बाकीच्यांची वाढ प्रचंड असल्यामुळे. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘आपल्याला हुसकावलं’ ही भावना टक्क्यांवर पोसली जाते आणि माणसं मोजली की तिचा जोर ओसरतो.

मग हे बाकीचे आले कुठून? १९९६ च्या ऑलिंपिकसाठी अटलांटात बांधकामांचा धडाका उडाला आणि लॅटिन अमेरिकेतले मजूर आले. कृष्णवर्णीय कुटुंबं चांगल्या शाळा आणि परवडणारी घरं शोधत आली. ग्विनेटमधल्या डुलुथ गावात तर रस्त्याच्या कडेला दुकानामागून दुकानाच्या पाट्या कोरियन लिपीत दिसतात. तिथल्याच लिलबर्नला २००७ मध्ये स्वामिनारायण मंदिर उभं राहिलं. त्याचे हातानं कोरलेले दगड, सुमारे ३४ हजार, भारतात घडवून जहाजानं नेले आणि तिथे एकावर एक बसवले.

सत्तेला मात्र ही गणती कळायला फार वेळ लागला. काउंटीची स्थापना १८१८ ची. कारभार पाहणाऱ्या पाचजणांच्या मंडळावर गोरा नसलेला माणूस पहिल्यांदा निवडून आला तो २०१८ मध्ये, बरोबर दोनशे वर्षांनी. त्या निवडणुकीत मार्लिन फॉस्क आणि बेन कू असे दोघं आले. पुढच्याच निवडणुकीनंतर, जानेवारी २०२१ मध्ये, पाचांत एकही गोरा उरला नाही. आधी लाखो लोकांचा तिथे कुणी नव्हता, २०२१ मध्ये त्या ३ लाख १० हजारांमधला कुणी नव्हता.