आकडा न वाचता माप

बाजारात 18 मिलिमीटर म्हणून मिळणारा प्लाय प्रत्यक्षात बहुधा 18 भरत नाही. त्याच्या कडेवर बरोबर मधोमध रेघ मारायची तर जाडी मोजा, निम्मी करा, तो पॉइंटातला आकडा फूटपट्टीवर शोधा. आणि पुढची फळी पुन्हा वेगळ्याच जाडीची निघते. यावर सुतारकामात एक साधी तोड आहे. एक आखूड पट्टी, तिच्या दोन टोकांना सारख्या जाडीच्या दोन खुंट्या आणि त्यांच्या बरोबर मध्ये पेन्सिलीच्या टोकापुरतं भोक. पट्टी कडेवर ठेवायची, खुंट्या फळीच्या दोन्ही अंगांना टेकेपर्यंत तिरकी फिरवायची आणि तशीच ओढत न्यायची. जाडी 12 असो की 25, रेघ मधोमध पडते. घरच्या थ्रीडी प्रिंटरवर मोजमापाचं काही छापायचं असेल, तर सुरुवात याच हत्याराने करावी असं माझं ठाम मत आहे.

वितळलेल्या प्लास्टिकचा धागा थरावर थर रचत वस्तू घडवायची, हे तंत्र अमेरिकेतल्या स्कॉट क्रम्प यांचं. त्याचं पेटंट त्यांना 1992 मध्ये मिळालं. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी 2005 मध्ये रेपरॅप हा प्रकल्प हाती घेतला. स्वतःचे बरेचसे सुटे भाग स्वतःच छापणारं यंत्र बनवायचं आणि त्याचे आराखडे सगळ्यांना खुले ठेवायचे, ही त्यामागची कल्पना. 2009 मध्ये क्रम्प यांच्या मूळ पेटंटची मुदत संपली आणि असली यंत्रं घराघरांत शिरायला वाट मोकळी झाली. आज घरगुती प्रिंटरचं नोझल साधारणपणे 0.4 मिलिमीटरचं असतं आणि एक थर 0.2 मिलिमीटरचा.

हत्यार बनवणाऱ्याने हे दोन आकडे आधी मनाशी पक्के करावेत, कारण छापलेल्या मापातल्या बऱ्याच चुका तिथूनच येतात. 0.2 च्या थरांत 3.1 मिलिमीटर उंची बसत नाही, ती 3.0 तरी होते नाहीतर 3.2. म्हणून जे माप नेमकं हवं ते शक्यतो आडवं, प्रिंटरच्या पाटाला समांतर छापायचं. पहिला थर तापलेल्या पाटावर दाबला जातो आणि किंचित बाहेर पसरतो. टेकवायची कड नेमकी तळाशी आली तर तो फुगवटा मापात शिरतो. तेव्हा आराखड्यातच तळाच्या कडेला अर्धा मिलिमीटर तिरका छाट द्यावा.

भोकाचं दुखणं आणखी वेगळं. ओपनएससॅड हे मोफत सॉफ्टवेअर मला आवडतं, कारण त्यात आकृती हाताने न काढता मापं लिहून द्यायची असतात. उद्या खुंट्यांमधलं अंतर वाढवायचं झालं तर एक आकडा बदलला की झालं. पण त्याला बारकावा किती हवा ते सांगितलं नाही, तर 6 मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ ते 10 बाजूंच्या बहुभुजाने काढतं. या बहुभुजाचे कोपरे वर्तुळावर असतात, बाजू मात्र आत सरकतात, आणि समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर जेमतेम 5.7 भरतं. शिवाय वळणावर ओला धागा आतल्या बाजूला ओढला जातो, तो तोटा निराळाच. बाजू 100 कराव्यात, भोक थोडं लहानच छापावं आणि हव्या त्या मापाच्या ड्रिलने साफ करून घ्यावं.

एवढं करूनही मध्य खरंच मध्यावर आला का, हे कसं कळणार? इथे या हत्याराची खरी थोरवी दिसते. एक रेघ मारावी, पट्टी उचलून टोकांची अदलाबदल करून ठेवावी आणि त्याच जागी दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर हत्यार खरं. फट दिसली तर चूक त्या फटीच्या निम्मी. म्हणजे दोष दुप्पट होऊन डोळ्यांपुढे येतो आणि तो पकडायला दुसरं महागडं उपकरण लागत नाही. सुतार गुण्या असाच तपासतो: सरळ कडेला टेकवून रेघ, मग उलटा करून पुन्हा रेघ. घरी छापायच्या हत्यारांची निवड मी याच कसोटीवर करतो. उलटवून तपासता येतं का? येत असेल तर जरूर छापावं. गोल ओंडक्याचा मध्य शोधायची काटकोनी खाच आणि तिला दुभागणारी पट्टी यात बसते. कोपऱ्याची गोलाई जुळवून बघायचे साचेही छापण्याजोगे, फक्त त्यांची पारख नाण्यावर किंवा माहीत असलेल्या व्यासाच्या ड्रिलवर करून घ्यावी.

आकडे वाचायची हत्यारं मात्र छापू नयेत. पिएर व्हर्निये यांनी 1631 मध्ये मांडलेली जोडपट्टीची युक्ती, म्हणजे 9 मिलिमीटरचे 10 भाग पाडून एक दशांश वाचायचा, प्रिंटरवर उतरवता येते आणि ती शिकवायला छानच आहे. पण पीएलए हे नेहमीचं प्लास्टिक उन्हाने पोलादाच्या पाच-सहा पट प्रसरण पावतं. सकाळ आणि दुपारमध्ये 15 अंशांचा फरक पडला, तर 150 मिलिमीटरची पट्टी सुमारे 0.15 मिलिमीटरने वाढते, म्हणजे जो दशांश वाचायचा तोच हातचा जातो. 60 अंशांच्या आसपास तर हे प्लास्टिक मऊच पडतं. उन्हात उभ्या गाडीत असलं हत्यार ठेवू नये. आकड्यांसाठी पोलादी कॅलिपर विकत घ्यावा, आणि छापलेली मापंही त्याच्यावरच ताडून बघावीत.

ज्यांच्या घरी प्रिंटर आहे त्यांना एक विनंती. मध्य काढायची पट्टी छापाल तेव्हा एक जादा छापा आणि ओळखीच्या सुताराला द्या. रोजच्या वापरात खुंटी कुठे झिजते, पट्टी हातात कुठे अडते, हे तो नेमकं सांगेल. पुढचा आराखडा त्यावरून दुरुस्त करा.