काळ्या आईचे ऋण

मार्गशीर्ष महिना सरत आलेला असतो. लातूर, धाराशिव आणि सोलापूर या भागांतील काळ्या जमिनीवर रब्बीचे पीक डोलत असते. ज्वारीच्या कणसांत दाणा भरू लागतो, हरभऱ्याला घाटे धरतात. अशा दिवसांत येणाऱ्या अमावास्येला तेथील शेतकरी वेळ अमावास्येचा सण साजरा करतात. बोलीत तिला येळवस म्हणतात. शेजारच्या कर्नाटकात तिलाच एळ्ळ अमावास्या असे नाव असून, कन्नड भाषेत ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. मराठी नाव या कन्नड नावावरूनच आले असावे. दोन भाषांची शिवारे जेथे एकमेकांना लागून आहेत, तेथे सणांची नावेही बांध ओलांडतात!

या दिवशी घरे ओस पडतात आणि शिवारे गजबजतात. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून एक लहानशी कोप बांधलेली असते. तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात. हेच पाच पांडव होत. त्यांची आणि लक्ष्मीची पूजा करून नैवेद्य दाखवतात. नैवेद्यही शेतातलाच. तूर, वाटाणा, हरभरा यांचे ओले दाणे, पालेभाज्या आणि डाळीचे पीठ एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि ताकात ज्वारीचे पीठ कालवून केलेली आंबील. पूजा आटोपली, की घरधनी पिकावर आंबील शिंपडीत शेताला फेरी घालतो. ज्या मातीने अन्न दिले, तिला पहिला घोट द्यायचा आणि मग आपण जेवायचे, हा त्यामागील भाव होय.

त्यानंतर पंगत बसते. या पंगतीला आमंत्रणाची वाट पाहावी लागत नाही. ज्यांना स्वतःची जमीन नाही असे शेजारी, शेतात राबणारे मजूर, शहरातून आलेले स्नेही, एवढेच नव्हे तर वाटेने जाणारा अनोळखी प्रवासीही हाक मारून जेवायला बोलावला जातो. शेत एकाचे असले, तरी त्या दिवशीचे अन्न सर्वांचे असते.

आता एक प्रश्न सहज मनात येतो. धान्य घरात आल्यावर आनंद करावा, हे कोणालाही समजते. पण वेळ अमावास्येला तर पीक अजून शेतातच उभे असते. ज्वारीची काढणी व्हायला महिना-दोन महिन्यांचा अवधी असतो. तेवढ्यात काय होईल, याचा भरवसा कोणी द्यावा? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली आणि हाताशी आलेली पिके आडवी झाली. पुढे दुष्काळाने असा वेढा घातला, की एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तरीही मार्गशीर्ष आला, की शेतात पुन्हा कोप उभी राहते.

शेतकऱ्याला धोका कळत नाही, असे मुळीच नाही. तो इतरांहून अधिक त्यालाच कळतो. परंतु ही पूजा म्हणजे पोत्यांची मोजदाद करून चुकती केलेली किंमत नव्हे. पावसाळ्यात मुरलेली ओल काळी जमीन आपल्या पोटात जपून ठेवते आणि पाऊस सरल्यावरही त्या ओलीवर ज्वारी पोसते. तिचे हे देणे पीक हाती येण्यापूर्वीच सुरू झालेले असते. म्हणून शेतकरी तिला काळी आई म्हणतो. आईने किती वाढले हे पाहून कोणी तिला आई म्हणत नाही.

सायंकाळी मातीच्या बोळक्यात दूध तापवून ते उतू घालवतात. मग माणसे गावाकडे परततात. कणसे अजून कोवळी असतात आणि पुढचे आभाळ कसे असेल हे कोणालाच ठाऊक नसते. पण आभार मानायचे राहून गेले, अशी रुखरुख मात्र कोणाच्या मनात उरत नाही.