झोप अंगी का लागत नाही?

रात्री दहाला दिवा मालवला, सकाळी सहाला डोळे उघडले. मधले आठ तास अंथरुणातच गेले, तरी अंग असं आंबलेलं की कुणी रात्रभर खडी फोडायला लावली असावी. फायब्रोमायाल्जियाच्या, म्हणजे अंगभर दुखत राहणाऱ्या आजाराच्या रुग्णांची ही नेहमीची कहाणी. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, एक्स-रेही स्वच्छ. मग दवाखान्यात 'टेन्शन' आणि घरात 'आळस' असं निदान होऊन प्रकरण मिटतं.

कॅनडातल्या टोरांटोत संशोधक हार्वी मोल्डोफस्की यांनी या दुखण्याकडे रात्रीच्या बाजूने पाहिलं. तेव्हा या आजाराला 'फायब्रोसायटिस' म्हणत. त्यांनी झोपलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या लहरी नोंदवल्या. गाढ झोपेत या लहरी संथ, लांबलचक असतात. रुग्णांमध्ये मात्र त्यांच्यावर भराभर उमटणाऱ्या अल्फा लहरी स्वार झालेल्या दिसल्या. एरवी माणूस जागेपणी नुसते डोळे मिटून पडला की त्या दिसतात. आपल्याकडे बाळंतिणीची झोप सावध असते म्हणतात, तसाच काहीसा प्रकार. फरक एवढाच, की इथे पाळण्यात कुणी नसतं.

खरी गंमत पुढे होती. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात मोजकी धडधाकट माणसं घेतली होती. ती गाढ झोपेत उतरू लागली की आवाज करून त्यांना वरच्या, उथळ झोपेत आणायचं, असं लागोपाठ तीन रात्री केलं. पाहता पाहता त्यांचे स्नायू दाबल्यावर दुखू लागले, थकवा आला. झोपमोड थांबवल्यावर दुखणं ओसरलं. म्हणजे दुखतं म्हणून झोप लागत नाही, ही अर्धीच गोष्ट झाली. मात्र पुढच्या अभ्यासांत अल्फा लहरी सगळ्याच रुग्णांत सापडल्या नाहीत, आणि काही निरोगी माणसांतही दिसल्या. त्यामुळे त्यांच्यावरून आजार ओळखता येत नाही.

तासांपेक्षा झोपेची सलगता महत्त्वाची ठरते, हे २००७ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी निरोगी स्त्रियांवर तपासलं. काहींना उशिरा झोपू दिलं, काहींना रात्रभर पुन्हा पुन्हा उठवलं. दोन्ही गटांना झोप साधारण सारखीच मिळाली. पण वेदनेला आवर घालणारी शरीराची स्वतःची यंत्रणा ढिली पडली ती फक्त तुकड्यातुकड्यांनी झोपलेल्यांची. नॉर्वेत बारा हजारांहून अधिक स्त्रियांचा सुमारे दहा वर्षं मागोवा घेतला, तेव्हाही ज्यांची झोप आधीपासून बिघडलेली होती त्यांच्यात फायब्रोमायाल्जिया जास्त आढळला.

मग झोपेची गोळी घ्यावी का? जुनाट निद्रानाशासाठी अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली पहिला मान गोळीला नव्हे, वर्तनोपचाराला दिला. उठण्याची वेळ रोज एकच. झोप येत नसेल तर कूस बदलत पडून न राहता अंथरूण सोडायचं, पेंग आली की परतायचं. पहिले काही दिवस जिवावर येतात. शिवाय दुखण्यातला फरक झोपेतल्या फरकाइतका ठळक नसतो, हेही रुग्णाला आधीच सांगितलेलं बरं. 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' या दीर्घ थकव्याच्या आजारात तर झोपूनही ताजंतवानं न वाटणं हे आजाराचंच प्रमुख लक्षण आहे. तिथे झोप सुधारली म्हणून आजार जात नाही.

आणि एक चौकशी रुग्णाकडे करून भागत नाही. घोरता घोरता श्वास मध्येच अडतो का, हे शेजारी झोपणाऱ्यालाच ठाऊक असतं. स्लीप ॲप्नियात असा श्वास रात्रीत कित्येकदा अडतो, तेवढ्या वेळा झोप तुटते, आणि सकाळी रुग्ण शपथेवर सांगतो, ‘मी तर रात्रभर ढाराढूर झोपलो होतो.’