गुच्छी ३० हजार रुपये किलो! पण आपल्या धाराशिवच्या रानात काय मिळतं?



मागच्या आठवड्यात उमरगा तालुक्यातून एका तरुणाचा फोन आला. "सर, ती गुच्छी नावाची अळिंबी ३० हजार रुपये किलोनं जाते म्हणतात. एक जण तिचं बी देतोय. ४० हजारांत बी, सामान आणि ट्रेनिंग. माल परत तोच विकत घेणार. आईच्या बचत गटातून कर्ज मिळतंय. घेऊ का?"

मी म्हटलं, "दोन दिवस थांब. एक रुपयाही देऊ नको. आधी चार प्रश्नांची उत्तरं काढू."

तेच चार प्रश्न आज तुमच्यासाठी लिहितोय. रानातून गोळा करायचा कुठलाही माल असो, धंद्यात उतरण्याआधी हे विचारायचेच:

१. हा माल आपल्या मातीत, आपल्या हवेत होतो का?
२. तो मला शंभर टक्के ओळखता येतो का?
३. तो कुणाच्या मालकीचा आहे? परवानगी कुणाची लागते?
४. सगळा खर्च वजा जाता दिवसाची मजुरी किती पडते?

गुच्छी म्हणजे नेमकं काय?

गुच्छी ही डोंगरातली रानटी अळिंबी. वरची टोपी मधमाशीच्या पोळ्यासारखी खळग्याखळग्यांची आणि उभी चिरली तर आतून पूर्ण पोकळ. ती येते काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या थंड जंगलात. बर्फ वितळलं, माती ओली झाली की साधारण मार्च ते मे या काळात जमिनीतून वर येते. विजा कडाडल्या की गुच्छी उगवते, असं तिथले लोक मानतात.

मोसमात गावंच्या गावं पहाटे डोंगर चढतात. बायका, पोरं, म्हातारी माणसं, सगळे. दिवसभर पाचोळा चाळायचा. कधी ओंजळभर मिळते, कधी रिकाम्या हातानं परत. मिळालेली दोऱ्यात ओवून वाळवायची. अळिंबीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणून अंदाजे दहा किलो ओल्या मालाचा एक किलो वाळलेला माल होतो. ३० हजारांचा जो भाव आपण ऐकतो, तो या वाळलेल्या मालाचा. तोही शहरातल्या दुकानातला.

आता हिशोब करू. समजा, एका माणसाला दिवसाला सरासरी पाव किलो ओली गुच्छी मिळाली. दहा किलो गोळा व्हायला ४० दिवस गेले. त्याची झाली एक किलो वाळलेली. समजा, गावातल्या व्यापाऱ्यानं तिला १० हजार रुपये दिले. १० हजार भागिले ४०, म्हणजे दिवसाला २५० रुपये! भाव ऐकून डोळे पांढरे होतात, पण डोंगर चढणाऱ्याच्या हातात पडते ती मजुरीच. आकडे माझे आहेत, समजण्यापुरते. पण कुठल्याही मालाचा भाव ऐकला की हा भागाकार करायची सवय लावून घ्या.

मग ती आपल्याकडे होईल का?

पहिला प्रश्न इथंच लागतो. अळिंबीला बी नसतं. जे विकतात ते स्पॉन, म्हणजे धान्यावर किंवा भुशावर वाढवलेली बुरशी. गुच्छीची बुरशी मातीत पांढऱ्या धाग्यांच्या रूपात राहते. तिला आधी कडक थंडी लागते आणि मग हळूहळू ऊबदार होणारी ओली माती. आपल्याकडे मार्चमध्येच दुपारी पारा पस्तिशीच्या पुढं जातो. बालाघाटच्या डोंगरावरही बर्फ पडत नाही. त्यामुळे रामलिंगच्या जंगलात गुच्छी शोधत फिरण्यात अर्थ नाही.

"पण सर, शेती होते म्हणतात." होते. चीनमध्ये थंडीच्या दिवसांत जाळीखाली मोठ्या प्रमाणावर होते. हिमाचलमध्ये सोलनला आपल्या देशाची अळिंबी संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनीही २०२१ मध्ये गुच्छी लागवडीत यश आल्याचं जाहीर केलं. पण सोलनच्या संस्थेत शास्त्रज्ञांना जमलं म्हणून उमरग्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये जमेल, असा अर्थ त्यातून काढू नका. शेड थंड ठेवायला जी वीज लागेल, तिचं बिल आधी काढून बघा.

"माल आम्हीच परत घेऊ" असं सांगणाऱ्याला तीन गोष्टी मागा. आपल्या भागातला, दोन मोसम पूर्ण केलेला एक शेतकरी दाखवा. त्याच्या बँक पासबुकात तुमच्याकडून आलेले पैसे दाखवा. माल खराब झाला, आलाच नाही, तर काय, ते करारात लिहून द्या. तिन्हीपैकी एक जरी मिळालं नाही तर चहा पाजा आणि निरोप द्या.

पावसाळ्यातल्या छत्र्यांचं काय?

दुसरा फोन हमखास येतो: "गुच्छी नाही तर नाही, पण आपल्याकडं पावसाळ्यात वारुळावर छत्र्या उगवतात, त्या विकू का?"

वारुळावरची खरी अळिंबी खाण्याजोगी असते. कोकणात आणि गोव्यात तिला मोठं गिऱ्हाईक आहे. ती वाळवीच्या सोबतीनं वाढते, म्हणून शेडमध्ये घेता येत नाही. पण इथं आडवा येतो दुसरा प्रश्न: ओळख. गायरानात, उकिरड्याजवळ तशाच दिसणाऱ्या विषारी छत्र्याही येतात. काहींनी नुसत्या उलट्या-जुलाब होतात. काहींचं विष मात्र सहा-बारा तास काहीच जाणवू देत नाही आणि मग यकृत निकामी करतं. ते विष शिजवून जात नाही. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण काळा होतो का, किडा लागलाय का, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत.

खरी गुच्छीसुद्धा कच्ची खाल्ली तर त्रास देते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एका हॉटेलात कच्ची आणि अर्धवट शिजवलेली गुच्छी वाढली गेली. ५१ जण आजारी पडले, दोघं दगावले. ती तर लागवड करून आलेली, ओळख पटलेली अळिंबी होती.

म्हणून माझा नियम साधा आहे. ज्या मालाच्या एका चुकीनं गिऱ्हाईक मरू शकतं, तो माल पुस्तक किंवा मोबाईल बघून विकायचा नाही. अळिंबीच करायची असेल तर धिंगरी करा. ती २० ते ३० अंशांत, गहू किंवा सोयाबीनच्या भुसकटावर येते, आणि आपल्याकडे हिवाळ्यात सोपी जाते. पण ताजी धिंगरी एक-दोन दिवसांत मऊ पडते, म्हणून आधी रोजची दहा गिऱ्हाइकं ठरवा आणि मग पहिली पिशवी भरा.

आपली गुच्छी बांधावरच उभी आहे

आता मुद्द्याचं. फेब्रुवारी ते एप्रिल, तिकडं गुच्छीचा मोसम सुरू होतो त्याच सुमारास आपल्याकडे बांधावर, ओढ्याकाठी, रस्त्याकडेला एक माल पिकून लटकत असतो. चिंच! बार्शी आणि लातूरचा बाजार शेजारी आहे. ओळख लहान लेकरालाही आहे. म्हणजे पहिले दोन प्रश्न सुटले.

तिसरा प्रश्न मालकीचा. शेतातलं झाड असेल तर मालकाशी बोला आणि व्यवहार कागदावर घ्या. रस्त्याकडेची, गावठाणातली झाडं "कुणाचीच नाहीत" असं समजू नका. ती ग्रामपंचायतीची किंवा बांधकाम खात्याची असू शकतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यांचा लिलाव होतो. येडशी रामलिंग घाट हे अभयारण्य आहे. तिथून परवानगीशिवाय काहीही गोळा करणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो.

चौथा प्रश्न हिशोबाचा. अख्ख्या वाळलेल्या चिंचेत साधारण ५५ टक्के गर, ३४ टक्के चिंचोके आणि ११ टक्के टरफल-शिरा असतात. समजा, एका झाडाची २०० किलो चिंच निघाली. म्हणजे ११० किलो गर, ६८ किलो चिंचोके, २२ किलो टरफल.

खर्च (समजा):
- झाडाचे ३,००० रुपये
- झोडपणी आणि वेचणी १,५०० रुपये
- फोडणी, किलोला १० रुपयांप्रमाणे ११० किलो: १,१०० रुपये
- पोती, गाडीभाडं, हमाली ५०० रुपये
- एकूण ६,१०० रुपये

विक्री (समजा):
- गर ११० किलो × ८० = ८,८०० रुपये
- चिंचोके ६८ किलो × १२ = ८१६ रुपये
- एकूण ९,६१६ रुपये

उरले ३,५१६ रुपये. आता गराचा भाव ८० वरून ५० वर आणून बघा. विक्री होते ६,३१६ रुपये आणि उरतात २१६ रुपये! हा हिशोब झाड घेण्याआधी करायचा असतो. तुमच्या बाजारातले ताजे भाव घाला आणि भाव पडला तरी पदरचे जाणार नाहीत, एवढ्याच किमतीला झाड घ्या.

मी स्वतः पहिल्या वर्षी आपटलो होतो. खालून बघितलं, झाड लदलेलं दिसलं, पैसे मोजले. झोडपल्यावर कळलं, वरच्या फांद्यांची बरीच बोटकं किडलेली. चिंचोक्यात भुंगा. तेव्हापासून झाडाच्या चारही बाजूंची, वरची-खालची अशी ५०-६० बोटकं फोडून बघितल्याशिवाय मी सौदा करत नाही.

जास्त पैसा कुठं आहे?

फोडणीत आणि रंगात. शिरा काढलेला, स्वच्छ, लालसर गर चांगला भाव घेतो. माती लागलेला, काळपट गर मार खातो. म्हणून झाडाखाली ताडपत्री किंवा जुन्या साड्या अंथरा. उष्णतेनं आणि ओलाव्यानं चिंच काळी पडत जाते. घरी आपण मीठ लावून ठेवतो, व्यापारी शीतगृहात ठेवतात, ते त्यासाठीच. चिंचोके उकिरड्यावर टाकू नका. त्यांची पावडर कापडाला खळ द्यायला लागते, त्यामुळे त्यांनाही बाजार आहे.

दुसरी पायरी म्हणजे अर्धा-एक किलोची पाकिटं. किराणा दुकान, खानावळी, पाणीपुरीवाले ही तुमची गिऱ्हाइकं. पाकीट विकायचं तर एफएसएसएआय नोंदणी लागते. पाकिटावर नाव, वजन, तारीख, पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. प्रक्रियेच्या प्रशिक्षणाची आणि चालू योजनांची चौकशी तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात करा.

आणि एक गोष्ट पैशाच्या आधी. झाडावर चढणारा माणूस सरावाचाच हवा. दोर बांधूनच चढवा. विजेच्या तारा जवळ असतील तर ते झाड सोडून द्या, कितीही लदलेलं असलं तरी.

चिंच संपली की जून-जुलैत निंबोळी येते. पाच टक्के अर्कासाठी १०० लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी पावडर लागते, म्हणजे गिऱ्हाईक तुमच्याच गावातला शेतकरी. सप्टेंबरपासून सीताफळ. तेच हात, त्याच ताडपत्र्या, तोच वजनकाटा.

तुमचं या आठवड्याचं काम

वही घ्या. गावातली चिंचेची दहा झाडं लिहा: मालक कोण, झाड कसं धरलंय, आधी कुणी घेतलंय का. मग एकदा बार्शीच्या किंवा लातूरच्या बाजारात जाऊन नुसते उभे राहा. गराला काय भाव, चिंचोक्याला काय, आडत-हमाली कुणाच्या माथी, हे तीन आडत्यांना विचारा. काही विकत घेऊ नका. फक्त लिहून आणा.

त्या उमरग्याच्या पोराला मी हेच काम दिलं. परवा त्याचा फोन आला. "सर, ४० हजार वाचले. पण वहीत दहापैकी सातच झाडं झाली. तिघांचे मालक पुण्यात असतात."

म्हटलं, फोन कर त्यांना. धंदा इथूनच सुरू होतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत.