एकोणसत्तर

मावशीला भेटायला गेले होते, तेव्हा पुण्यातल्या त्या रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावर, नर्सिंग काउंटरवरच्या संगणकाला लावलेली पांढरी चिकटपट्टी दिसली. तिच्यावर बॉलपेनने पासवर्ड लिहिलेला. वॉर्डाचं नाव आणि पुढे १२३. मी सिस्टरना म्हटलं, अहो, हे बरं नव्हे. सलाईनच्या बाटलीवर वेळ टाकता टाकता त्या म्हणाल्या, "मॅडमना माहितीये. त्याच म्हणाल्या, सध्या राहू द्या."

संगणकांच्या राखणीला ठेवलेली बाईच किल्ली दाराला लटकत ठेवते, हे मला पटेना. म्हणून त्यांना गाठलं.

मॅडमनी सुरुवात केली ती आयटी कंपनीत रात्रपाळीला फायरवॉलचे लॉग बघत. मग बारा वर्षं बँकेत, आणि गेली तीन वर्षं इथे. कार्डावरच्या पदाला दोन ओळी लागतात आणि त्यात 'इनोव्हेशन' हा शब्द आहे. या शब्दाची मला ॲलर्जी आहे, हे आधीच सांगून टाकते.

बँकेचा विषय निघाला की त्या २०१८च्या ऑगस्टवर येतात. कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तो महिना. ११ तारखेच्या शनिवारी बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी गेले, देशातून आणखी अडीच, आणि सोमवारी बँकांच्या स्विफ्ट यंत्रणेवरून हाँगकाँगला जवळपास १४. मॅडमची बँक वेगळी. "पण त्या आठवड्यात आमच्यातलं कुणी धड जेवलं नव्हतं." तिथून त्यांच्या डोक्यात एक आकडा बसला आहे, सहा तास. रिझर्व्ह बँकेच्या २०१६च्या परिपत्रकानुसार असा प्रकार दोन ते सहा तासांत कळवायचा. पुढे २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने बँका सोडून बाकीच्यांनाही सहा तासांचीच मुदत घातली. तासाभराच्या गप्पांत हा आकडा तीनदा आला.

"कार्ड ब्लॉक करता येतं, रक्तगट नाही करता येत," त्या म्हणाल्या. वाक्य घोटलेलं वाटलं, चारदोन परिषदांत टाळ्या घेतलेलं. चिकटपट्टीबद्दल मात्र साधं बोलल्या. बँकेत पाच मिनिटांत स्क्रीन बंद झाली तर कारकून कुरकुरतो, इतकंच. आयसीयूत सिस्टर हातमोजे घालून दर काही मिनिटांनी स्क्रीनपाशी येते. तिला प्रत्येक वेळी पासवर्ड मागितला, तर ती तो कुठेतरी लिहिणारच. "मी पट्टी काढली असती, तर त्यांनी ड्रॉवरमध्ये चिकटवली असती. मग मला दिसलीही नसती." ओळखपत्र टेकवलं की उघडणारी यंत्रं मागवली आहेत. ती येईपर्यंत पट्टी डोळ्यांसमोर.

त्यांनी मला एका सरावाला बोलावलं. रविवारी पहाटे चार वाजता एका वॉर्डाचं नेटवर्क मुद्दाम तोडायचं, दोन तास सगळं कागदावर चालवायचं. रुग्ण खोटे, बाकी सगळं खरं. हा सराव कशासाठी, तर दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ला रॅन्समवेअर शिरलं, पाच सर्व्हर आणि १.३ टेराबाइट माहिती कुलपात गेली, आणि आठवडाभराहून जास्त काळ काम हाताने चाललं. नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते, असं सरकारने संसदेत सांगितलं. मॅडमनी आल्या आल्या कप्पे पाडून घेतले. कागदाचं काय, हा प्रश्न उरला होता.

कार्बन पेपर अप्पा बळवंत चौकातून आणला होता. तो हातात घेतल्यावर जो वास आला, त्याने मी थेट वडिलांच्या कचेरीत पोचले. तिशीच्या आतल्या दोन सिस्टरनी तो उलटा घातला.

संगणक गेल्यावर नेटवर्क म्हणजे वॉर्डबॉय मामा. रक्ताच्या बाटल्या खाली, चिठ्ठ्या वर. लिफ्टची वाट बघत नव्हते, जिना चढून येत होते. चिठ्ठी शर्टाच्या वरच्या खिशात, पेनाच्या टोपणाखाली अडकवलेली. इन्सुलिनच्या वेळी मॅडम माझ्या कानाशी येऊन बँकेतल्या मेकर-चेकर पद्धतीबद्दल बोलू लागल्या, एकाने एंट्री करायची, दुसऱ्याने मंजूर करायची. तेवढ्यात दोन सिस्टरनी कुणी न सांगता डोस एकमेकींना दाखवला आणि दोन सह्या केल्या. "हे तर आम्ही पहिल्यापासून करतो, मॅडम." मॅडम जरा ओशाळल्या. मला त्या तिथे आवडल्या.

पावणेपाचला लॅबमधून फोन आला. खोट्या रुग्णाची साखर. तंत्रज्ञ घाईत म्हणाला, "एकोणसत्तर." फोन केरळच्या सिस्टरनी घेतला होता. चार वर्षांत त्या मराठी छान बोलायला शिकल्या आहेत, पण आपले हे एकोणवाले आकडे! त्यांनी लिहिलं ७९. चिठ्ठी घेऊन मामा आले, तिच्यावर ६९.

७९ असेल तर काही करायचं नाही. ६९ म्हणजे सत्तरच्या खाली. ग्लुकोज द्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. सिस्टरचा चेहरा उतरला. खोटा रुग्ण आहे, असं मी म्हणाले, ते त्यांनी ऐकलंही नसावं. मॅडम दोन्ही कागद शेजारी ठेवून उभ्या होत्या. सहा तासांचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मग त्यांनी सरावाच्या वहीत लिहिलं: फोनवर आकडा सुटा सांगायचा, ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचा. खाली लॅबमध्ये जाऊन तंत्रज्ञाला स्वतः सांगून आल्या. फायरवॉलवाल्या बाईंचं त्या पहाटेचं काम एवढंच. वर आल्या तेव्हा सिस्टर मामांना समोर बसवून पुटपुटत होत्या, "सहा, नऊ. सहा, नऊ." मामा चहा पीत मान डोलावत होते.

निघताना चौथ्या मजल्यावर थांबले. पट्टी तिथेच होती. पासवर्ड मात्र बदलला होता. १२३ खोडून १२४ केलं होतं.