चिंचोके जास्त, जिंकले खडे!

सिल्वासाच्या दोस्तांनो, 9 चिंचोके आणि 6 खडे गोळा करा. अंगणात पाच-पाचच्या तीन आडव्या ओळी मांडा. प्रत्येक ओळीत डावीकडे दोन खडे, पुढे तीन चिंचोके. आता एकेका ओळीभोवती खडूने कुंपण काढा. हे झाले आपले वॉर्ड. ज्याची संख्या जास्त, वॉर्ड त्याचा. तिन्ही चिंचोक्यांचे!

कुंपणं पुसा. एकही खडा हलवायचा नाही हं! मधल्या ओळीतले तीन चिंचोके आणि उजव्या टोकाचा वरचा नि खालचा चिंचोका, अशा पाचांना एका कुंपणात कोंडा. मधल्या ओळीतला पहिला खडा वरच्या चौघांत घाला, दुसरा खालच्या चौघांत. आता मोजा. दोन वॉर्ड खड्यांचे, चिंचोक्यांना एकच! मतं तीच, नुसती रेघ सरकली.

हा खेळ मोठी माणसंही खेळली आहेत. 1812 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते एल्ब्रिज गेरी. त्यांच्या पक्षाने सोयीचे मतदारसंघ आखले. एक इतका वेडावाकडा, की व्यंगचित्रकाराने त्याला नख्या आणि पंख काढले! सरड्यासारखा सॅलॅमँडर आणि गेरी मिळून शब्द झाला ‘गेरीमँडर’. मतं कमी पडूनही त्या पक्षाने राज्याच्या सिनेटच्या 40 पैकी 29 जागा पटकावल्या. गेरी स्वतः मात्र पडले.

मग वाकडा नकाशा म्हणजे लबाडी? थांबा, आपल्या दादरा-नगर हवेलीचाच नकाशा बघा. दादरा एकीकडे, नगर हवेली दुसरीकडे, मध्ये गुजरात. पण ही आकृती मतांसाठी कुणी काढलेली नाही. पेशवाईत 1783 मध्ये नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली, 1785 मध्ये दादरा. तेव्हा कुठली आली निवडणूक! आणि लोकसभेला दादरा आणि नगर हवेलीचा मिळून एकच खासदार, म्हणजे आत रेघ मारायला जागाच नाही. वॉर्डांचं तसं नसतं. तिथे रेघा असतात, म्हणून त्या कोण मारतंय तेही बघावं लागतं. लोकसभा-विधानसभेच्या मतदारसंघांच्या सीमा आखायला आपल्याकडे परिसीमन आयोग नेमतात. त्याच्या अध्यक्षस्थानी आजी किंवा माजी न्यायाधीश असतात, आणि सोबत बसणाऱ्या खासदार-आमदारांना तिथे मत नसतं.

आता तुमची पाळी. त्याच 6 खड्यांना तिन्ही वॉर्ड जिंकून देता येतील का? आधी खडूने करून बघा, मग कारण शोधा.