यंत्राचे राखणदार आणि यंत्राचा परीक्षक

हैदराबादचे तंत्रज्ञ हरिप्रसाद यांना ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई पोलिसांनी त्यांच्या राहत्या घरी अटक केली. मुंबईच्या सरकारी गोदामातील मतदानयंत्र चोरीस गेले, हा आरोप. यंत्र आपणांस कोणी दिले, हे सांगण्यास त्यांनी नकार दिला. आठवड्याभराने ते जामिनावर सुटले. चोरीचा तपास व्हावयासच हवा, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु कुलूपबंद गोदामातून यंत्र बाहेर पडते कसे, हे प्रथम राखणदारांना विचारावयाचे की परीक्षकाला?

त्या परीक्षणात मिशिगन विद्यापीठाचे अ‍ॅलेक्स हॅल्डरमन व हॉलंडचे रॉप गोंग्रिप हेही सहभागी होते. एप्रिल २०१० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष झोप उडविणारे होते. निकालाचे आकडे दाखविणारा भाग काढून त्याजागी हुबेहूब दुसरा बसविला, की मोबाइलच्या इशाऱ्यावर आकडे पालटत. दुसरे उपकरण तर खिशात मावणारे. स्मृती-चिपला ते चिमट्यासारखे लावून साठविलेली मतेच बदलता येत. अर्थात, यासाठी यंत्र हाती लागावे लागते, आणि एखाद्या निवडणुकीत असे घडलेच, असे या मंडळींनी म्हटलेले नव्हते. निवडणूक आयोगाने मोहोरा, पहारे व कडेकोट व्यवस्थेकडे बोट दाखविले. त्यात तथ्य आहेच. मात्र पहारा करणारीही शेवटी माणसेच, आणि एक यंत्र तर बाहेर आलेच होते!

पुढे ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मताची कागदी नोंद अपरिहार्य ठरविली. फेब्रुवारी २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत गोव्याच्या चाळीसही मतदारसंघांत ती आली आणि काचेआडची चिठ्ठी गोमंतकीय मतदाराने सात सेकंद डोळ्यांनी पाहिली. पण पाहिलेली चिठ्ठी मोजली जातेच असे नाही. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्राशी ताडून पाहिल्या जातात. सर्व चिठ्ठ्या ताडण्याची मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. पराभूतांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना मात्र पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली. मतदाराला तीही नाही. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ सालीच म्हटले होते की, मतमोजणीची खात्री विशेष ज्ञान नसलेल्या नागरिकालाही करून घेता आली पाहिजे.

देशभराच्या चिठ्ठ्या मोजणे जिकिरीचे असेल. पण गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यात त्यास किती वेळ लागतो, हे आयोगाने एकदा मोजून तरी पाहावे.